पक्के घर, कच्चे आरोग्य
शहरी पुनर्विकास, सामाजिक वंचितता आणि मुंबईचा अनुभव

झोपडपट्टीच्या जागी पक्की इमारत उभी राहिली, की त्या वस्तीचा प्रश्न सुटला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. चावी वाटपाचे कार्यक्रम होतात, छायाचित्रे प्रसिद्ध होतात आणि शासनाच्या नोंदीत आणखी काही कुटुंबे 'पुनर्वसित' ठरतात. त्या घरात पाच-दहा वर्षे राहिल्यानंतर माणसांचे आरोग्य सुधारले की बिघडले, याची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते. मुंबईच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासात या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे मिळतात आणि त्यांतील काही अस्वस्थ करणारी आहेत.

वंचितता म्हणजे केवळ गरिबी नव्हे

'सामाजिक वंचितता' ही संकल्पना धोरणांच्या भाषेत रुजली ती फ्रान्समध्ये. रने लनुआर यांनी १९७४ मध्ये समाजव्यवस्थेच्या संरक्षणाबाहेर राहिलेल्या लोकांविषयी लिहिले आणि पुढे हा विचार युरोपभर पसरला. उत्पन्न कमी असणे ही गरिबी. पण नोकरी, दवाखाना, शाळा, रेशन दुकान, मतदारयादी, शेजार या साऱ्यांपासून तुटणे ही वंचितता. म्हणूनच एखाद्या कुटुंबाचे उत्पन्न तेवढेच राहूनही केवळ राहण्याचे ठिकाण बदलल्यामुळे ते अधिक वंचित होऊ शकते. शहरी पुनर्विकासाचा आरोग्याशी असलेला संबंध नेमका येथे आहे.

प्लेगने शिकवलेला धडा

मुंबईत नियोजनबद्ध पुनर्विकासाची सुरुवातच मुळी आरोग्याच्या चिंतेतून झाली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. साथीच्या भीतीने लाखो लोकांनी शहर सोडले, गिरण्या व बंदराचे व्यवहार मंदावले. दाटीवाटीच्या, अंधाऱ्या चाळी हेच रोगाचे मूळ, असा निष्कर्ष काढून १८९८ मध्ये 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट'ची स्थापना करण्यात आली. समुद्रावरचा वारा शहराच्या दाट वस्तीत पोहोचावा, हा प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रस्ते काढण्यामागील एक उद्देश होता.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतील घरांच्या उजेड-वाऱ्याचा प्रश्न सविस्तर मांडला. ट्रस्टने स्वीकारलेला साडेत्रेसष्ट अंशांचा नियम त्या काळात प्रसिद्ध होता. त्याचा सोपा अर्थ असा, की खोलीच्या खिडकीसमोर इमारतीच्या उंचीच्या निदान निम्म्याइतकी मोकळी जागा असावी. इमारत चाळीस फूट उंच असेल, तर समोर वीस फूट मोकळे आकाश हवे.

मात्र ट्रस्टच्या कामाची दुसरी बाजूही होती. सुरुवातीच्या वर्षांत जितकी घरे पाडली गेली, त्या प्रमाणात नवी घरे गरिबांना मिळाली नाहीत. उठवलेली कुटुंबे शेजारच्या चाळींत शिरली आणि तेथील दाटी वाढली. रोगट वस्ती नाहीशी होण्याऐवजी तिची जागा बदलली. पुढील शतकात हाच प्रकार वेगवेगळ्या रूपांत घडत राहिला.

स्टॉकटनचा इशारा

नवे घर चांगले असले तरी आरोग्य ढासळू शकते, याचा अभ्यासपूर्ण पुरावा इंग्लंडमधील स्टॉकटन-ऑन-टीज या औद्योगिक गावातून मिळतो. तेथील आरोग्य अधिकारी डॉ. मॅक्गॉनिगल यांनी झोपडवस्तीतून १९२७ मध्ये नव्या वसाहतीत हलवलेल्या १५२ कुटुंबांच्या मृत्युनोंदी तपासल्या. नवी घरे प्रशस्त व हवेशीर होती. तरीही स्थलांतरापूर्वीच्या पाच वर्षांत दर हजारी सुमारे २३ असलेला मृत्युदर नंतरच्या पाच वर्षांत सुमारे ३४ झाला. जुन्याच वस्तीत राहिलेल्या शेजाऱ्यांचा मृत्युदर याच काळात घटला होता.

याचे कारण स्वयंपाकघरात सापडले. नव्या घराचे भाडे जवळपास दुप्पट होते. बेकारीच्या त्या काळात वाढीव भाड्याची तोंडमिळवणी करताना कुटुंबांनी अन्नावरील खर्च कमी केला होता. घर सुधारले, पण ताटातले अन्न कमी झाले. पुनर्वसनाचा हिशेब केवळ विटा-सिमेंटचा नसतो, हे या उदाहरणाने जवळपास शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले.

मोफत घराचे गणित

मुंबईत १९७१ च्या झोपडपट्टी कायद्यानंतर प्रारंभी वस्त्यांमध्ये नळ, शौचालये, दिवे देण्यावर भर होता. १९८५ मध्ये पंतप्रधान अनुदान प्रकल्प आला आणि त्यातून काही वसाहती उभ्या राहिल्या. १९९५ मध्ये अफझुलपूरकर समितीच्या शिफारशींनंतर झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले व मोफत घराची योजना सुरू झाली. विकासकाने झोपडीधारकांना मोफत घरे बांधून द्यायची आणि त्याबदल्यात वाढीव चटईक्षेत्र वा हस्तांतरणीय विकास हक्क घेऊन उरलेली घरे खुल्या बाजारात विकायची, असे या योजनेचे स्वरूप. घराचे क्षेत्रफळ २२५ चौरस फुटांवरून २६९ व पुढे ३०० चौरस फुटांवर गेले.

या योजनेचे फायदे नाकारता येणार नाहीत. घरात स्वतःचे शौचालय, दाराशी नळ, पावसाळ्यात कोरडी जमीन आणि पाडकामाच्या भीतीपासून मुक्तता ही सामान्य कुटुंबासाठी मोठी गोष्ट आहे. विशेषतः स्त्रिया आणि मुलींसाठी रात्री-अपरात्री सार्वजनिक शौचालयात जाण्याचा धोका टळतो.

मात्र योजनेचे अर्थकारण जमिनीच्या भावावर उभे असल्याने, पुनर्वसनाच्या इमारतीला कमीत कमी जागा आणि विक्रीच्या इमारतीला जास्तीत जास्त जागा, असा कल आपोआप तयार होतो. नियमांनी किमान घनता ठरवून दिली. ती हेक्टरी ५०० घरांवरून ६५० करण्यात आली. मात्र दोन इमारतींमधील अंतर, मोकळी जागा यांबाबत सवलती दिल्या गेल्या. क्षेत्रफळ चौरस फुटांत मोजले जाते, उजेड कोणी मोजत नाही.

तीन वसाहती, एक रोग

या सवलतींची किंमत काय असते, हे महापालिकेच्या एम-पूर्व विभागात दिसून आले. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सर्वांत तळाशी असलेला हा विभाग. देवनारचे कचरा क्षेपणस्थळ येथेच आहे. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पासह विविध प्रकल्पांतील हजारो विस्थापित कुटुंबांच्या वसाहती येथे वसवण्यात आल्या.

'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने येथील लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी या तीन वसाहतींतील चार हजारांहून अधिक घरांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या दोन वसाहतींत सुमारे आठ ते दहा टक्के घरांत क्षयाचा रुग्ण आढळला. पीएमजीपी वसाहतीत हे प्रमाण सुमारे एक टक्का होते. तिन्ही वसाहती एकाच विभागातील आणि रहिवासी साधारण एकाच आर्थिक स्तरातील. ठळक फरक होता तो इमारतींच्या रचनेत. पहिल्या दोन ठिकाणी समोरासमोरच्या इमारतींत काही जागी अवघे तीन मीटर अंतर, तर पंतप्रधान अनुदान प्रकल्पातील जुन्या वसाहतीत तुलनेने ऐसपैस मोकळी जागा.

क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. बंद खोलीत ते तासन् तास तरंगत राहू शकतात. वारा त्यांना विखरून टाकतो आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरण त्यांना मारतात. तीन मीटरच्या बोळीकडे उघडणाऱ्या खिडकीतून खालच्या मजल्यावर ना ऊन येते, ना वारा. बोळीत साचलेला कचरा, सांडपाण्याची दुर्गंधी आणि समोरच्या घरातून होणारे दर्शन यांमुळे ती खिडकीही बहुधा बंदच ठेवली जाते. रुग्णाला सहा महिने वा अधिक काळ औषध घ्यावे लागते. या काळात तो त्याच खोलीत पाच-सहा माणसांसह झोपतो.

एका पाहणीवरून इमारतीची रचना हेच एकमेव कारण ठरत नाही. कुपोषण, व्यसन, अर्धवट उपचार यांचाही वाटा असतोच. पण ऑर यांच्या काळातील नियम लावून पाहिला, तर सुमारे २४ मीटर उंचीच्या इमारतीसमोर १२ मीटर मोकळी जागा हवी होती. प्लेगच्या काळात कळलेली गोष्ट शंभर वर्षांनंतर विसरली गेली, असेच म्हणावे लागते.

माहूल : नको असलेले घर

जागा कोठे दिली जाते, हा तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून २०१७ पासून हजारो कुटुंबांना चेंबूरजवळील माहूल येथे पाठवण्यात आले. सभोवती तेलशुद्धीकरण व रसायन कारखाने. येथील हवेच्या प्रदूषणामुळे रहिवाशांच्या आरोग्यास धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच नमूद केले होते. श्वसनाचे व त्वचेचे विकार, दूर गेलेली कामे, मुलांच्या सुटलेल्या शाळा अशा तक्रारी घेऊन रहिवाशांनी दीर्घ आंदोलन केले. अखेर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या कुटुंबांना अन्यत्र राहता यावे म्हणून दरमहा १५ हजार रुपये भाडे देण्याचे आदेश दिले. २०२५ मध्ये महापालिकेने तेथील रिकामी घरे आपल्याच कर्मचाऱ्यांना विकत देऊ केली, तेव्हाही अत्यल्प प्रतिसाद मिळाला.

घरापासून कामापर्यंत

दादर वा सांताक्रूझला घरकाम करणारी बाई मानखुर्दला राहायला गेली, की पहाटेच्या दोन घरांचे काम सुटते. प्रवासाचे दीड-दोन तास आणि भाड्याचा खर्च वाढतो; उत्पन्न घटते. ओळखीचा डॉक्टर, उधारीवर सामान देणारा वाणी, मूल सांभाळणारी शेजारीण हा सारा आधार एका दिवसात नाहीसा होतो. त्यातच देखभाल खर्च, वीजबिल, पंप व लिफ्टची दुरुस्ती यांचा नवा बोजा पडतो. सोसायटीकडे पैसे नसले की लिफ्ट बंद पडते आणि सातव्या मजल्यावरील वृद्ध, गरोदर स्त्रिया, अपंग व्यक्ती घरातच अडकतात. मग दवाखाना हाकेच्या अंतरावर असूनही उपयोग नसतो. स्टॉकटनमध्ये भाड्याने जे केले, तेच येथे प्रवास आणि देखभालीचा खर्च करू शकतो.

जागतिक बँकेच्या कर्जाने २००२ मध्ये सुरू झालेल्या मुंबई नागरी परिवहन प्रकल्पातही पुनर्वसनाच्या तक्रारी बँकेच्या तपासणी मंडळापर्यंत गेल्या. परिणामी २००६ मध्ये रस्ते व पुनर्वसनासाठीचा निधी बँकेने काही महिने रोखून धरला होता.

पात्र आणि अपात्र

वंचिततेची सर्वांत कठोर रेषा इमारत उभी राहण्यापूर्वीच आखली जाते. ठराविक तारखेपूर्वीच्या वास्तव्याचा कागदोपत्री पुरावा असलेला 'पात्र', बाकीचे 'अपात्र'. ही तारीख आधी १ जानेवारी १९९५ होती, पुढे २००० झाली आणि त्यानंतर २०११ पर्यंतच्या रहिवाशांना सशुल्क घराची तरतूद करण्यात आली. भाडेकरू, पोटमाळ्यावर राहणारे, स्थलांतरित मजूर आणि २६ जुलैसारख्या पुरात कागदपत्रे वाहून गेलेली कुटुंबे या चाळणीतून सहज गळतात. ती शहर सोडून जात नाहीत. खाडीकाठच्या, कचऱ्याशेजारच्या, आणखी स्वस्त व आणखी रोगट वस्तीत जातात. अर्धवट औषधोपचार घेतलेला क्षयरुग्ण पत्ता बदलल्यामुळे आरोग्यसेवकाच्या हाती लागत नाही, तेव्हा त्याची किंमत साऱ्या शहराला मोजावी लागते.

पुढील परीक्षा

आता हाच प्रश्न धारावीत मोठ्या प्रमाणावर उभा आहे. तेथील पुनर्विकासात पात्र रहिवाशांना ३५० चौरस फुटांचे घर जाहीर झाले आहे. वरच्या मजल्यांवरील व उशिरा आलेल्या रहिवाशांची सोय धारावीबाहेर करण्याचे धोरण आहे. त्यासाठी देवनार क्षेपणस्थळाची १२४ एकर जमीन देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. १९२७ पासून शहराचा कचरा जेथे टाकला जात आहे, तेथे माणसे वसवताना आरोग्याचा विचार अग्रक्रमाने व्हायला हवा.

याउलट, आहे त्याच जागी पुनर्वसन शक्य आहे, हे वरळीच्या बीडीडी चाळींनी दाखवले. १६० चौरस फुटांच्या खोल्यांत पिढ्या काढलेल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच परिसरात ५०० चौरस फुटांची घरे मिळाली. या उंच इमारतींच्या देखभालीचा भार रहिवाशांना कितपत पेलतो, हे यापुढे दिसेल. पण रोजगार आणि शेजार तुटला नाही, ही जमेची बाजू.

करावयाच्या गोष्टी अवघड नाहीत. इमारतींमधील किमान अंतर हा सवलतीचा विषय ठरू नये. आराखडा मंजूर करण्यापूर्वी सर्वांत खालच्या मजल्यावर पोहोचणारा उजेड व वारा तपासला जावा. स्थलांतराच्या दिवशीच दवाखाना, शाळा व रेशनची नोंद नव्या पत्त्यावर व्हावी. आणि ताबा दिल्यानंतर निदान पाच वर्षे त्या वसाहतीतील आजारांची नोंद ठेवून ती जाहीर केली जावी. किती घरे बांधली, या आकड्याबरोबर त्या घरांतील किती माणसे निरोगी राहिली, हा आकडाही शासनाला द्यावा लागेल, तेव्हाच पुनर्वसन या शब्दाला पूर्ण अर्थ येईल.