भंगाराच्या शोधात

१९६५च्या सुमारास एका रात्री बार्बरा स्टेव्हनी ही कलावंत लंडनच्या एका औद्योगिक वसाहतीत वाट चुकली. घरी उतरलेल्या, फ्लक्सस या कलावंतांच्या गटातल्या मित्रांना प्रदर्शनासाठी भंगार हवं होतं, ते गोळा करायला ती निघाली होती. भोवतालचे कारखाने रात्रीही धडधडत होते. तिच्या मनात आलं, आपण इथे नुसता टाकाऊ माल उचलायला का येतो? आत एवढं आयुष्य चाललंय, तिथे आपलं माणूस का नाही?

कारखान्यात कलावंत शिरले नव्हते असं नाही. दुसऱ्या महायुद्धात स्टॅन्ली स्पेन्सर स्कॉटलंडच्या पोर्ट ग्लासगोमधल्या जहाजगोदीत गेला आणि तिथले वेल्डर, रिव्हेट ठोकणारे त्याने लांबलचक चित्रांत उतरवले. पण तो सरकारने चित्रं काढायला पाठवलेला पाहुणा. स्टेव्हनीला पाहुणा नको होता.

१९६६ साली तिने नवरा जॉन लॅथम आणि काही सहकाऱ्यांसह ‘आर्टिस्ट प्लेसमेंट ग्रुप’ उभा केला. कलावंताला पैसे कंपनीने द्यायचे. त्याने आधी नुसतं हिंडून कारखाना समजून घ्यायचा, मग पुढचं ठरवायचं. शेवटी अमुक एक शिल्प किंवा चित्र देईन, असं वचन मात्र द्यायचं नाही. या साऱ्या कथेतलं सर्वांत धाडसी कलम हेच. हातात काय पडेल ते माहीत नसताना व्यवस्थापकाने होकार द्यायचा होता, आणि काहींनी तो दिलाही. गार्थ इव्हान्स १९६९ साली ब्रिटिश स्टीलमध्ये गेला. तिथल्या पोलादी आकारांच्या छायाचित्रांचं पुस्तक १९७१ साली निघालं.

स्टुअर्ट ब्रिस्ली १९७० साली इंग्लंडमधल्या हेव्हरहिलच्या हिल फर्निचर कारखान्यात दाखल झाला. रॉबिन डेने घडवलेली, एकात एक बसणारी प्लॅस्टिकची खुर्ची तिथे बनत असे. ब्रिस्लीने अशा २१२ खुर्च्या एकमेकींत बसवत नेल्या आणि त्यांचं भलंमोठं चाक तयार झालं. पण त्याचं खरं काम पॉलिश खात्यात झालं. तिथली यंत्रं त्याने रंगवली, आणि रंग निवडले कामगारांनी, आपापल्या आवडत्या फुटबॉल संघांचे. ही यंत्रं कुठल्या दालनात मांडली गेली नाहीत; त्यांच्यावर माल पॉलिश होत राहिला.

पुढे ब्रिटनच्या आर्ट्स कौन्सिलने आर्टिस्ट प्लेसमेंट ग्रुपचं अनुदान थांबवलं. गटाचा ओढा कलेपेक्षा समाज घडवण्याकडे आहे, हा आक्षेप होता.

कलावंताला कारखान्यात नेण्याच्या कल्पनेला अमेरिकेत निराळीच फांदी फुटली. विस्कॉन्सिनमधल्या शेबॉयगनच्या कला केंद्राची तेव्हाची संचालक रूथ कोलर. तिच्या घराण्याचा कारखाना टब, बेसिनं आणि कमोड बनवणारा. १९७४ साली जॅक अर्ल आणि टॉम लाडुसा हे दोघे कुंभकलावंत तिथल्या चिनी मातीच्या खात्यात कामाला आले. पुढे ओतशाळाही कलावंतांना खुली झाली. इथे कलावंत येतो तो साचे, माती, भट्टी यांच्या ओढीने. कामगारांच्या शेजारी उभा राहून त्यांचे हात पाहत शिकतो, आणि वस्तू घडवूनच निघतो. कला केंद्रातली स्वच्छतागृहंही अशाच कलावंतांनी सजवली. एका भिंतीवर शेबॉयगनच्या पाण्याच्या, माणसांच्या निळ्या चित्रांच्या फरश्या आहेत, आणि त्याच भिंतीला लागून बेसिनचा नळ रोज वाहतो.