सूर्यतापाचे मोजमाप : लोणावळा, मुंबई, पुणे

लोणावळ्याच्या परिसरात ऊर्जेचा इतिहास म्हटला की प्रथम पाण्याचाच विचार मनात येतो, आणि ते स्वाभाविकच होय. लोणावळा, वळवण व शिरवटा या तलावांत साठविलेले पावसाळी पाणी घाटाखाली सुमारे सव्वापाचशे मीटर उतरवून टाटांच्या खोपोली वीजगृहात वीज निर्माण होऊ लागली ती १९१५ साली. चार महिन्यांच्या पावसावर मुंबईच्या गिरण्या वर्षभर चालवावयाच्या, तर पाणी किती व उतार किती याचा हिशेब मांडल्याविना एक पाऊलही टाकणे शक्य नव्हते. सूर्यतापाच्या बाबतीत मात्र उपकरण आधी आले, हिशेब फार मागाहून आला.

मुंबईतील इंग्रज अधिकारी विल्यम ॲडम्स याने सपाट आरशांच्या मांडणीने बाष्पपात्र तापवून वाफेचा पंप चालविला आणि या प्रयोगांवरील आपला ग्रंथ १८७८ साली मुंबईतच प्रसिद्ध केला. जानेवारी महिन्यात सात शिपायांचे जेवण आपल्या सौरचुलीवर दोन तासांत शिजते, असे त्याने नोंदविले. नोंद प्रामाणिक आहे. पण ते मोजमाप नव्हे. त्या दोन तासांत प्रत्येक चौरस मीटरवर किती ताप पडला हे जोवर ठाऊक नाही, तोवर त्या चुलीची तुलना दुसऱ्या चुलीशी करता येत नाही. १९५० च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने काढलेला परावर्तक कुकरही लोकांच्या स्वयंपाकघरांत रुजला नाही. त्याची कारणे अनेक होती, आणि केवळ मोजमापाने ती दूर झाली असती असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

निर्णायक काम पुण्यात झाले. हवामान खात्यात १९४८ साली आलेल्या अॅना मणी यांनी १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने देशभर सौरप्रारण मोजणारी केंद्रे उभारली. त्यासाठी लागणारी उपकरणे परदेशांतून मागविण्याऐवजी ती येथेच घडवून त्यांचे अंशांकन करण्यावर त्यांचा भर होता. त्यांतून १९८० साली भारतातील सौरप्रारणाची आकडेवारी ग्रंथरूपाने उपलब्ध झाली. कोणत्या गावी, कोणत्या महिन्यात किती ऊन, याचे उत्तर प्रथमच तक्त्यात शोधता येऊ लागले.

याच सुमारास सरकारी अनुदानाने पेटीच्या आकाराचे सौरकुकर विकले जाऊ लागले, आणि सार्वजनिक पैसा कोणत्या पेटीवर खर्च व्हावा हा प्रश्न उभा राहिला. १९८७ साली मलिक, कांडपाल व सक्सेना यांनी जी कसोटी मांडली, तिचा पहिला गुणांक अत्यंत साधा आहे. रिकामी पेटी दुपारच्या उन्हात ठेवावयाची. तबकाचे तापमान स्थिर झाले की त्यातून हवेचे तापमान वजा करून प्रारणाने भागावयाचे. भारतीय मानकात वरच्या वर्गासाठी हा गुणांक किमान ०.१२ ठरला. म्हणजे ८५० वॅट प्रति चौरस मीटर प्रारणात तबक हवेपेक्षा १०२ अंशांनी अधिक तापले पाहिजे. दुसरा गुणांक पाण्याने भरलेली भांडी ठेवून काढतात. अशा चाचण्यांचे काम विद्यापीठांकडे आले. पुणे विद्यापीठाचा ऊर्जा अध्ययन विभाग हे त्यांपैकी एक केंद्र.

येथे लोणावळ्याचे उदाहरण उपयोगी पडते. पुण्यात वर्षाला सरासरी सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस, तर साठ-पासष्ट किलोमीटरवरील लोणावळ्यात चार हजारांहून अधिक. पुण्याच्या गच्चीवर वरच्या वर्गात बसलेली पेटी जुलैत घाटमाथ्यावर निरुपयोगी ठरते, आणि तरीही तिचा गुणांक चुकीचा नसतो. कसोटी पेटीची असते, गावाची नव्हे. गावासाठी मणींचे तक्तेच उघडावे लागतात. ही विभागणी न ओळखल्याने सौर उपकरणांविषयी विनाकारण निराशा पसरली, असे मानण्यास जागा आहे.

मावळातील घरांचा आणखी एक प्रश्न या दोन्ही तक्त्यांत कोठेच येत नाही : पेटीत भात-वरण उत्तम शिजते, परंतु भाकरीला तवाच लागतो, आणि तोही बहुधा सूर्य मावळल्यानंतर.