क्रूझवर सहा-आठ महिन्यांच्या बाळाला काय भरवायचं? बुफे, गरम पाणी आणि उलटीचा प्रश्न

क्रूझचं बुकिंग करताना लहान मुलांसाठीचे नियम वाचले तर एक आकडा सारखा समोर येतो, तो म्हणजे सहा महिने. रॉयल कॅरिबियन, डिस्ने, कार्निव्हल यांसारख्या मोठ्या कंपन्या बहुतेक सफरींवर सहा महिन्यांपेक्षा लहान बाळाला घेत नाहीत. अटलांटिक महासागर ओलांडण्यासारखी लांबची सफर असेल तर हीच अट १२ महिन्यांवर जाते.

योगायोग असा की जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार बाळाला वरचं अन्न सुरू करायचं वयही सहा महिनेच आहे. म्हणजे ज्या बाळाची नुकतीच उष्टावण झाली आहे, ज्याला अजून मऊ भात नीट गिळता येत नाही, तेच बाळ बुफे आणि पाच कोर्सच्या डिनरच्या जगात पाऊल ठेवतं. कॉर्डेलिया क्रूझेसनं सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून फेऱ्या सुरू केल्यापासून हा प्रश्न मराठी घरांतही आला आहे. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवरही भारतीय कुटुंबं कमी नसतात.

या वयाच्या बाळाला किती लागतं?

फार नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन ते तीन वेळा, सुरुवातीला दोन-तीन चमचे आणि हळूहळू अर्धी वाटी एवढंच खाणं पुरतं. आईचं दूध किंवा डबाबंद फॉर्म्युला चालूच असतो. नऊ महिन्यांनंतर खाणं तीन ते चार वेळा होतं. त्यामुळे चार रात्रींच्या सफरीसाठी अर्धी सुटकेस खाऊनं भरायची गरज नसते.

जहाजावर काय नेता येतं?

सीलबंद पाकिटातलं बाळाचं अन्न आणि फॉर्म्युला बहुतेक कंपन्या चालवून घेतात. घरी शिजवलेलं अन्न मात्र साधारणपणे चालत नाही. आजीनं प्रेमानं भाजून दिलेलं पीठ बिनलेबलच्या डब्यात असेल तर तेही चढताना अडवलं जाऊ शकतं. अशा वस्तूंबद्दल कंपनीला आधीच ई-मेल करून लेखी उत्तर घ्यावं आणि ते मोबाइलमध्ये ठेवावं.

दुसरी अडचण शिजवण्याची. समुद्रात आगीची भीती सर्वात मोठी, म्हणून हॉटप्लेट, पाणी तापवायचा रॉड, छोटा राइस कुकर अशा वस्तू केबिनमध्ये चालत नाहीत. अनेक जहाजांवर स्वतःची किटली नेण्यालाही मनाई असते. इथं नाचणीसत्व घेऊन जाणाऱ्यांची पंचाईत होते, कारण नाचणीसत्व गरम पाण्यात नुसतं कालवून चालत नाही, ते शिजवावंच लागतं. त्याऐवजी गरम पाण्यात लगेच तयार होणारं धान्याचं पाकीट न्यावं आणि त्यात साखर किती आहे ते लेबलवर पाहावं. एक वर्षाखालच्या बाळाला वरून साखर-मीठ नको. मधाचा तर थेंबही नको, कारण त्यातल्या जिवाणूंमुळे या वयात बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

गरम पाणी केबिन स्ट्यूअर्डकडे किंवा बुफेच्या चहा काउंटरवर मिळतं. चांगला थर्मास सोबत असला की निम्मं काम झालं. फॉर्म्युला पावडर निर्जंतुक नसते. म्हणून किमान ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ती मिसळावी आणि मग बाटली थंड करून द्यावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नुसतं ‘कोमट’ पाणी त्यासाठी पुरेसं नाही. केबिनमधला छोटा फ्रिज पुष्कळदा शीतपेयं गार ठेवण्यापुरताच असतो. त्यात बाळाचं उघडलेलं अन्न दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

बुफेपेक्षा डायनिंग रूम बरी

बुफे पाहून वाटतं, इथं बाळाला काहीतरी मिळेलच. मिळतंही, पण तिथला प्रत्येक पदार्थ मोठ्यांसाठी बनलेला असतो. सूप, ग्रेव्ही, डाळ यांत मीठ भरपूर असतं. शिवाय पदार्थ किती वेळ उघडा होता, कोणाचा चमचा कशात बुडाला, हे कळायला मार्ग नसतो.

मुख्य डायनिंग रूममध्ये चित्र वेगळं असतं. अनेक जहाजांवर संध्याकाळचं टेबल आणि वेटर सफरभर तेच राहतात. पहिल्याच रात्री हेड वेटरला सांगून ठेवलं की दुसऱ्या दिवसापासून बिनमिठाचा मऊ भात, साधी शिजवलेली मूगडाळ, वाफवलेलं गाजर, भोपळा किंवा बटाटा ठेचून मिळू शकतो. सांगताना ‘बेबी फूड’ असं मोघम सांगण्यापेक्षा ‘मीठ नको, मसाला नको, मिक्सरमधून काढून द्या’ असं तीन भागांत सांगावं. भारतीय प्रवाशांची गर्दी असलेल्या जहाजांवर वरण-भात मागणं सोपं जातं. मात्र भरवताना वरच्या पाण्याऐवजी घट्ट डाळ घ्यावी, कारण नुसत्या पाण्यात बाळाला लागणारं पोषण फारसं नसतं.

बुफेतून घ्यायचंच असेल तर सालीची फळं बरी, म्हणजे पिकलेलं केळं किंवा समोर चिरून मिळणारा अव्होकाडो. ऑम्लेट काउंटरवर अंडं पूर्ण शिजवून मागावं. मूस, घरगुती मेयोनीज अशा कच्च्या अंड्याच्या पदार्थांपासून लांब राहावं. अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न, अख्खे दाणे-काजू, सॉसेजचे गोल तुकडे घशात अडकतात. शेजारच्या टेबलावरचे हौशी काका-काकू प्रेमानं काय हातात देतील याचा नेम नसतो, तिथं नम्रपणे ‘नको’ म्हणावंच लागतं.

नवा पदार्थ घरीच चाखवा

अंडं, शेंगदाणा, मासे, गहू, दूध यांची अॅलर्जी काही बाळांना पहिल्या काही वेळांतच दिसते. अंगावर गांधी, ओठ सुजणं, उलट्या ही लक्षणं काही मिनिटांपासून दोन तासांत येऊ शकतात. जहाजावर डॉक्टर आणि नर्स असतात, पण ते बालरुग्णालय नसतं. गंभीर रुग्णाला तात्पुरतं सावरून किनाऱ्यावर हलवावं लागतं. लक्षद्वीपच्या बेटांवरून गंभीर रुग्ण हेलिकॉप्टरनं कोचीला नेतात, यावरून अंतराची कल्पना यावी. म्हणून जे पदार्थ जहाजावर द्यायचे ते निघण्यापूर्वी घरी दोन-चार वेळा देऊन पाहावेत. जहाजावरची तपासणी सहसा फुकट नसते. प्रवास विम्यात बाळाचं नाव आहे ना, हे जाण्याआधी तपासलेलं बरं.

बाळाला उलटी झाली तर ‘बोट लागली’ समजायचं का?

इथं सर्वात जास्त गफलत होते. घरातली मोठी माणसं लगेच म्हणतात, ‘बोट लागली असेल, आपल्यालाही मळमळतंय.’ पण दोन वर्षांखालच्या मुलांना प्रवासात मळमळण्याचा त्रास क्वचितच होतो, तो साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांमध्ये जास्त दिसतो. म्हणजे आठ महिन्यांच्या बाळाला वारंवार उलटी होत असेल तर लाटांपेक्षा पोटाच्या संसर्गाची शक्यता आधी धरावी.

क्रूझवरच्या पोटाच्या साथींमध्ये नोरोव्हायरसचं नाव वारंवार येतं. संसर्गानंतर १२ ते ४८ तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. अमेरिकी बंदरांना भेट देणाऱ्या जहाजांवर ३ टक्के प्रवासी किंवा कर्मचारी अशा त्रासानं आजारी पडले की अमेरिकेची सीडीसी ही आरोग्य संस्था त्याला साथ मानून जाहीर करते. हा विषाणू सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही. भरवण्याआधी भरवणाऱ्याचे आणि बाळाचेही हात साबण-पाण्यानं धुवायचे, रांगणारं बाळ असेल तर जरा जास्तच. हायचेअरचा ट्रे पुसूनच घ्यावा.

आणि औषधाची घाई नको. आपल्याकडे प्रवासाला निघताना घेतल्या जाणाऱ्या अॅव्होमिनसारख्या गोळ्यांत प्रोमेथाझिन असतं. श्वास मंदावण्याच्या धोक्यामुळे दोन वर्षांखालच्या मुलांना हे औषध देऊ नये, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकानं दिलेला आहे. ‘पाव गोळी देऊ’ हा विचार इथं घातक ठरू शकतो.

त्याऐवजी ओआरएसची पाकिटं सोबत असावीत. जुलाब झाल्यास दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर ओआरएस चमच्या-चमच्यानं द्यावं, आईचं दूध थांबवू नये. सहा तास लघवी झाली नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, टाळू खोल गेली, बाळ मलूल पडलं किंवा उलटीत हिरवा रंग वा रक्त दिसलं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. केबिनच्या फोनवरून मेडिकल सेंटरला लगेच कळवायचं. रात्रीही तिथं कोणीतरी ड्युटीवर असतं.

किनाऱ्यावर उतरायच्या दिवशी

लक्षद्वीपसारख्या ठिकाणी जहाज समुद्रातच थांबतं आणि छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. रांग, उन्हं आणि बोटीची वाट यात बाळाच्या जेवणाची वेळ टळते, म्हणून उतरण्याआधी तासभर त्याचं पोट भरलेलं असावं. सोबत सीलबंद पाकीट, चमचा आणि थर्मास पुरे. बुफेतली फळं पिशवीत टाकून उतरू नये, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत यासाठी थेट दंड होतो. आणि किनाऱ्यावर भरवून उरलेलं पाकीट परत जहाजावर न आणता तिथंच टाकून द्यावं.