विटनीची ब्लँकेटे आणि अर्ली घराणे

इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यात, विंडरश नदीच्या काठी विटनी हे गाव वसले आहे. कॉट्सवोल्ड टेकड्यांवरील मेंढ्यांची लोकर जवळच मिळे आणि विणलेले कापड पाण्यात कुटून घट्ट करणाऱ्या गिरण्या नदीच्या प्रवाहावर चालत. त्यामुळे लोकरी ब्लँकेटांचा धंदा तेथे रुजला. या धंद्यातील अग्रगण्य घराणे अर्ली यांचे. त्यांच्या व्यवसायाचा आरंभ १६६९ मध्ये झाला, असे मानले जाते.

येथील विणकरांच्या संघाला १७११ मध्ये राजसनद मिळाली. १७२१ मध्ये बांधलेल्या ब्लँकेट हॉलमध्ये माल मोजून, तोलून व शिक्का मारून मगच बाजारात जाई. विटनीच्या नावाला पत आली ती या काटेकोरपणामुळे. उत्तर अमेरिकेत केसाळ कातड्यांचा व्यापार करणारी हडसन्स बे कंपनीही येथील ब्लँकेटे मागवी. पुढे एकोणिसाव्या शतकात हातमाग मागे पडून यंत्रमाग आले. १८६१ मध्ये गावात आगगाडी पोहोचली. अर्लींनी प्रत्येक नवे साधन आपलेसे केले.

१९०६ मध्ये त्यांनी एक विक्रम केला. मेंढीची लोकर कातरण्यापासून ब्लँकेट तयार होईपर्यंत १० तास २७ मिनिटे लागली. १९६९ मध्ये, व्यवसायाच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, हेच काम ८ तास ११ मिनिटांत झाले. तत्पूर्वी १९६० मध्ये त्यांची पेढी गावातीलच मॅरियट यांच्या पेढीशी एकत्र झाली होती. सूत न कातता, माग न चालवता, केवळ सुयांनी तंतू एकमेकांत गुंतवून ब्लँकेट करण्याची नवी पद्धतही तिने स्वीकारली होती.

परंतु माल अधिक वेगाने तयार होऊ लागला, त्याच सुमारास त्याची गरज ओसरू लागली. घरोघरी मध्यवर्ती उष्णतेची सोय झाली. १९७० नंतर बिछान्यावर ‘ड्यूव्हे’ ही हलकी, भरावाची रजई आली आणि जड ब्लँकेटांच्या थरांची आवश्यकता उरली नाही. अखेर २००२ मध्ये गिरणी बंद पडली आणि गावातील ब्लँकेटांची कारखानदारी संपली.

या ऱ्हासाला अर्लींचे आळस वा जुनाटपण कारण म्हणता येत नाही. यंत्रे बदलणे त्यांच्या हाती होते आणि ती त्यांनी वेळोवेळी बदलली. लोकांची झोपण्याची रीत मात्र त्यांच्या हाती नव्हती. ज्या ब्लँकेट हॉलमध्ये एके काळी मालाची पारख होई, ती वास्तू आजही उभी आहे. गावाची तीन शतकांची ओळख आता तिच्या भिंतींनी जपली आहे.