तक्रार कोणाच्या दारात? : मुंबईच्या भाडेकरूचा आवाज आणि कायदा

मुंबईत भाड्याने राहणाऱ्या माणसाच्या घरातून किती आवाज यावा, हा प्रश्न वरवर पाहता शेजारधर्माचा वाटतो. भाडेकायद्यांची जुनी कलमं वाचताना मला मात्र तो मालकीहक्काचा प्रश्न वाटू लागला. वरच्या मजल्यावर काही आपटलं, खालच्याची झोपमोड झाली, त्याने तक्रार केली. एवढी गोष्ट शंभर वर्षांपूर्वीही घडत होती आणि आजही घडते. बदललं ते इतकंच, की ती तक्रार कोणाच्या दारात जाते आणि तिथे तिला कोणी पुरावा मागतं का. या लेखात त्या दाराचा माग काढायचा आहे.

सगळेच भाडेकरू

१८९६ च्या प्लेगने मुंबईच्या दाटीवाटीच्या वस्तीकडे सरकारचं लक्ष वेधलं. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पहिल्या महायुद्धानंतर सरकारी डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे काँक्रीटच्या २०७ चाळी उभ्या केल्या. त्याच आजच्या बीडीडी चाळी. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या आणि एक खोली १६० चौरस फुटांची. मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंना दारं आणि मजल्यावर सामाईक संडास.

अशा घरात शांतता कशी असणार? पहाटे नळाला पाणी आलं की बादल्यांची आदळआपट. त्यामागून पाटा-वरवटा, खलबत्ता, स्टोव्हची फरफर. गिरण्या पाळ्यांत चालत, त्यामुळे रात्रपाळीचा माणूस सकाळी अंथरुणावर पडायचा तेव्हा शेजारच्या खोलीत दिवस सुरू झालेला असायचा. झोपेची वेळ सगळ्यांची एक नव्हती, म्हणून आवाजाची वेळही एक ठरवता येत नसे.

भांडणं होत, आणि चांगली कडाक्याची होत. चाळीच्या एकोप्याची गोडगोड चित्रं मला फारशी पटत नाहीत. पण तिथली एक गोष्ट महत्त्वाची होती. आवाज करणारा आणि तक्रार करणारा, दोघेही भाडेकरूच होते. एकाला दुसऱ्याला घालवता येत नव्हतं. त्यामुळे तक्रार शेजारच्या दारात जायची, फार तर मजल्यावरच्या जाणत्या माणसांपर्यंत किंवा चाळीच्या कमिटीपर्यंत. वाद मिटला नाही तरी दोघांना उद्या त्याच नळावर उभं राहायचं असे.

पुरावा मागणारं कलम

या बरोबरीला कायद्याचाही आधार होता. मुंबईत भाड्यावर पहिलं नियंत्रण आलं ते १९१८ मध्ये, युद्धकाळातला उपाय म्हणून. पुढे १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला आणि तो अर्धशतकाहून अधिक काळ टिकला. १ सप्टेंबर १९४० रोजीचं भाडं प्रमाण धरून त्याने भाडी गोठवली. जागामालकांची दुरुस्तीतली उदासीनता, पागडीचा काळा व्यवहार आणि मोडकळीला आलेल्या इमारती हे या गोठवणुकीचे परिणाम आपण सगळे जाणतो.

पण त्याच कायद्याच्या तेराव्या कलमाकडे आवाजाच्या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. भाडेकरूला घराबाहेर काढायचं तर जागामालकाने कोणती कारणं सिद्ध केली पाहिजेत, याची यादी त्यात होती. त्यातलं एक कारण म्हणजे लगतच्या किंवा शेजारच्या रहिवाशांना उपद्रव किंवा त्रास होईल असं वर्तन. म्हणजे शेजाऱ्याची तक्रार हे घर जाण्याचं कारण तेव्हाही होऊ शकत होतं. मात्र मालकाला लघुवाद न्यायालयात दावा लावावा लागे, साक्षीदार उभे करावे लागत आणि त्यांना उलटतपासणीला तोंड द्यावं लागे. एकत्र राहताना होणारी नेहमीची कुरबुर किंवा एखाददुसरा प्रसंग एवढ्यावर घर जात नाही, उपद्रव गंभीर आणि सातत्याचा हवा, अशीच न्यायालयांची सर्वसाधारण भूमिका राहिली. ‘रोज रात्री ठोकाठोकी करतात’ असं म्हणणाऱ्याला ‘कोणत्या रात्री?’ हा प्रश्न विचारला जाई.

शेजारी मालक झाला

१९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा, या दोहोंनी शहरातलं घर बदलून टाकलं. चाळीतून ब्लॉकमध्ये आलेला मध्यमवर्गीय आता सोसायटीचा सभासद झाला. इमारतीत मालकांची सभा भरू लागली. भाड्याने राहणारा कितीही वर्षं त्याच जिन्याने ये-जा करत असला, तरी त्या सभेत त्याला मत नव्हतं.

घराबरोबर आवाजही बदलले. पाटावर बसून जेवणाऱ्या घरात डायनिंग टेबल आलं आणि खुर्ची सरकवण्याचा आवाज जन्माला आला. वरवंट्याच्या जागी मिक्सर आला. गप्पांचा किंवा गाण्याचा आवाज हवेतून येतो, तो दार-खिडकी लावून थोडा तरी अडवता येतो. खुर्चीचा पाय किंवा टाच थेट फरशीवर आपटते तेव्हा स्लॅबच हादरतो. हे हादरे तुळयांतून, खांबांतून इमारतभर फिरतात आणि भलत्याच खोलीच्या छतातून ऐकू येतात. डोक्यावर झालेला आवाज डोक्यावरच्याच घरातला असेल, अशी खात्री काँक्रीटच्या इमारतीत देता येत नाही.

हे मी अनुभवानेही शिकलो. काही वर्षांपूर्वी मी ठाण्यात भाड्याने राहत असताना, रात्री अकरानंतर माझ्या घरात ग्राइंडर चालतो, अशी तक्रार पुण्यात राहणाऱ्या घरमालकांमार्फत आली. माझ्याकडे ग्राइंडर नव्हता. खालच्या आजोबांना आवाज मात्र खरोखर येत होता. त्यांच्या खोलीत बसून मी तो ऐकला. वॉचमनने एका रात्री पाण्याचा पंप बंद ठेवून पाहिला, तेव्हा घरघर थांबली. आजोबा खोटं बोलत नव्हते. पण त्यांची तक्रार आधी सेक्रेटरीकडे गेली, तिथून पुण्याला, तिथून माझ्याकडे. एक मजला चढायला तिला जवळपास तीन आठवडे लागले. ‘असंच चालू राहिलं तर करार वाढवणं कठीण आहे,’ हे वाक्यही वाटेत तिला चिकटलं होतं.

अकरा महिन्यांचं घर

ते वाक्य कुठून आलं, हे समजायला १९७३ पर्यंत मागे जावं लागतं. भाडेनियंत्रणाला वळसा घालण्यासाठी जागामालक भाडेकराराऐवजी ‘लीव्ह अँड लायसन्स’ करत; म्हणजे घराचा हक्क द्यायचा नाही, फक्त राहण्याची परवानगी द्यायची. सरकारने कायद्यात १५ अ हे कलम घातलं आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू कराराने राहणाऱ्या अशा परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा दिला. मालकांनी त्याची धास्ती घेतली. घर रिकामं राहिलं तरी चालेल, पण अनोळख्याला द्यायचं नाही, ही वृत्ती बळावली. ‘अशी ही बनवाबनवी’मधल्या (१९८८) पुण्यातल्या मित्रांना राहायला जागा मिळवण्यासाठी जे सोंग आणावं लागतं, ते प्रेक्षकांना हसता हसता ओळखीचं वाटलं, त्याचं हेही एक कारण असावं.

१९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. उपद्रवाचं जुनं कारण त्यात सोळाव्या कलमात कायम राहिलं, पण ते भाडेकरूसाठी. परवानाधारकासाठी चोविसावं कलम आहे. मुदत संपली की घर सोडायचं; न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई. मालकाला कारण सांगावं लागत नाही. आज मुंबई-पुण्यात नव्याने भाड्याने जाणारा बहुतेक माणूस स्वतःला भाडेकरू म्हणवतो, पण कागदावर तो परवानाधारक असतो.

अकरा महिन्यांची प्रथाही अशीच मागे उरलेली. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून अकरा महिने. १९९९ च्या कायद्याने कोणत्याही मुदतीच्या कराराची नोंदणी सक्तीची केली, तरी अकराचा आकडा गेला नाही. त्यामुळे दरवर्षी एकदा असा दिवस येतो, जेव्हा जिन्यातली कुजबुज साक्षीपुराव्याशिवाय निकाल लावू शकते.

या कुजबुजीत आवाजाखेरीज आणखीही काही मिसळलेलं असतं. एकट्या राहणाऱ्या मुली, चार बॅचलर, वेगळ्या धर्माचं किंवा वेगळं खाणारं कुटुंब. ‘यांचा त्रास होतो’ म्हणताना नेमका कशाचा त्रास, हे सांगावं लागत नाही. ‘आवाज’ हा त्यातल्या त्यात सभ्य शब्द.

डेसिबल कामाला येत नाही

मग मोजमाप का करू नये? २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. ध्वनिक्षेपक, वाद्यं, फटाके यांच्याविरुद्ध नागरिकांना तिचा मोठा उपयोग झाला. पण ही मर्यादा परिसरातल्या आवाजाची. दोन घरांमधल्या स्लॅबमधून येणारी टाचेची धप्पधप्प तिच्यात नीट बसत नाही. सोसायटीच्या उपविधींतही इतरांना त्रास न देण्याचं बंधन आहे, पण त्रास मोजायचा कसा हे त्यात नाही.

म्हणून जुन्या कलमातला प्रश्नच आजही उपयोगी पडतो असं मला वाटतं. तक्रार आली की घाबरून माफी मागण्याआधी आणि चिडून उत्तर देण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात : कोणत्या दिवशी, किती वाजता, कसला आवाज, किती वेळ. शक्य असेल तर त्याच वेळी तक्रारदाराच्या घरात बसून तो ऐकावा. दोष आपला निघाला तर खुर्च्यांच्या पायांना फेल्ट, मिक्सरखाली रबर, मुलं खेळतात तिथे जाड सतरंजी हे उपाय स्वस्त आहेत. जे ठरलं ते घरमालकाला आणि सेक्रेटरीला लेखी कळवावं. सही करण्यापूर्वी करारातलं नोटिशीचं कलम वाचावं. अनेक करारांत मुदतीच्या मधेच घर सोडायला लावण्याची सोय असते.

भाडी गोठवणारा जुना कायदा परत यावा, असं मी म्हणत नाही. त्याने इमारती पोखरल्या. पण भाडी मोकळी करताना आपण ‘कोणत्या रात्री?’ हा प्रश्नही सोडून दिला. तो विचारला, तर खालच्या आजारी माणसाच्या झोपेलाही न्याय मिळतो आणि वरच्याच्या बिऱ्हाडालाही. करार संपल्यावरही घरमालकाला कारण लेखी द्यावं लागेल, एवढी एक ओळ कायद्यात असती, तर बऱ्याच तक्रारी पुण्याला न जाता सरळ एक मजला चढून आल्या असत्या.