आकाशवाणीची धून आणि मुंबईचा एक पाहुणा



'स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा' असा संपादक मंडळाचा आग्रह तीन वर्षे चालला होता आणि तीन वर्षे मी तो चुकवत होतो. मी आपला सिग्नल व दूरसंचार खात्यातला डिप्लोमावाला इंजिनिअर. रिले, केबल आणि फेल्युअर रिपोर्ट यापलीकडे माझी लेखणी कधी गेली नाही. उत्सवात माझे काम म्हणजे मंडपातला माइक आणि स्पीकर सांभाळणे. यंदा मात्र मी आपणहून लेख देतो आहे. विषय संगीताच्या इतिहासातला आहे. मी संगीताचा जाणकार नाही, तरी लिहायचे एक कारण आहे. ते शेवटी सांगतो.

माझे बालपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेले. पहाटे सहाच्या आधी वडील रेडिओ लावत. आधी नुसती खरखर, मग एकदम तंबोऱ्याचा झंकार आणि त्यावर व्हायोलिनची ती ओळखीची धून. पुन्हा पुन्हा तीच, मग 'वंदे मातरम्' आणि मग सनई. तोवर स्वयंपाकघरात स्टोव्ह पेटलेला असे. माझ्या वयाच्या वाचकांना ती धून नुसती आठवली तरी चहाचा वास येईल! ती कोणी बांधली, हा प्रश्न मात्र मला चाळिशी उलटेपर्यंत कधी पडला नाही. एखाद्या जुन्या संगीतकाराने, नाहीतर खाँसाहेबांनी बांधली असेल, असे धरून चाललो होतो.

ती धून ज्यांच्या नावावर सांगितली जाते, ते होते वॉल्टर कॉफमन. त्यांचा जन्म १९०७ साली कार्ल्सबाड या गावी झाला. आज ते गाव चेक प्रजासत्ताकात आहे. घर ज्यू, भाषा जर्मन, शिक्षण बर्लिन आणि प्रागमध्ये. प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्यांनी संगीतकार माहलर यांच्यावर प्रबंध लिहिला. पण आपले मार्गदर्शक प्राध्यापक नाझींचे कार्यकर्ते आहेत हे कळल्यावर त्यांनी पदवीच नाकारली. १९३३ साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. ज्यू संगीतकाराला तिथे काम मिळण्याची आशाच उरली नाही. फेब्रुवारी १९३४ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, कॉफमन मुंबई बंदरात उतरले.

जग एवढे मोठे, मग हिंदुस्थानच का? एक कारण अगदी व्यवहाराचे होते. इथला व्हिसा सहज मिळत होता. दुसरे कारण मात्र मला फार मोलाचे वाटते. युरोपात असताना त्यांनी भारतीय संगीताच्या काही ध्वनिमुद्रिका ऐकल्या होत्या. त्यांतले त्यांना काही म्हणजे काही कळले नाही, सगळे परके वाटले. तुमच्या-आमच्यासारखा माणूस तिथेच तबकडी बाजूला ठेवतो. कॉफमन यांनी वेगळा हिशेब मांडला. हे संगीत बुद्धी आणि हृदय असलेल्या माणसांनीच निर्माण केले आहे, लाखो लोक त्यावर प्रेम करत असणार. अर्थात दोष संगीतात नाही, तो माझ्यात आहे. आणि दोष माझा, तर ते जिथे जन्मले तिथे जाऊन शिकणे हाच उपाय!

आमच्या खात्यात असेच असते. कंट्रोल फोनवर आवाज नीट येत नसला की पलीकडचा माणूस नीट बोलत नाही असे आपण म्हणतो. तपासणी केली की पुष्कळदा आपल्याच कानाशी धरलेला रिसीव्हर खराब निघतो.

मुंबईत कॉफमन वॉर्डन रोडवरच्या, म्हणजे आजच्या भुलाभाई देसाई मार्गालगतच्या, रेवा हाउसमध्ये राहिले. महालक्ष्मीचे देऊळ जवळच आणि समोर समुद्र. काही महिन्यांतच त्यांनी 'बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी' उभी केली. विलिंग्डन जिमखान्यावर दर गुरुवारी मैफल होई. स्वतः कॉफमन पियानोवर, व्हायोलिनवर मुंबईचे पारशी कलावंत मेहली मेहता आणि चेलोवर एडिजिओ व्हेर्गा हे इटालियन गृहस्थ. हे मेहली मेहता म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेल्या झुबिन मेहतांचे वडील. सुरुवातीला श्रोते मोजकेच होते, पण तीन वर्षांत या संस्थेने सव्वाशेच्या वर कार्यक्रम केले. एखादे मंडळ दर आठवड्याला नेमाने चालवणे काय असते, हे आपल्या समितीला वेगळे सांगायला नको!

१९३६ साली सरकारी नभोवाणीला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. आपली धून त्याच काळातली. ती शिवरंजनी रागावर आहे असे जाणकार सांगतात, आणि तिच्यातले व्हायोलिन मेहली मेहतांचे असल्याचे म्हटले जाते. आता पाहा, शिवरंजनी आपला, तंबोरा आपला, व्हायोलिन युरोपचे, वाजवणारा पारशी आणि बांधणारा बोहेमियातला निर्वासित ज्यू. आणि भुसावळच्या क्वार्टरमध्ये ती आम्हाला इतकी घरची वाटली की बाहेरून कोणी आले असेल अशी शंकाही आली नाही. १९३७ पासून १९४६ पर्यंत कॉफमन मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख होते. रेडिओसाठी त्यांनी 'अनसूया' ही संगीतिका रचली, मोहन भवनानी यांच्या चित्रपट कंपनीसाठीही संगीत दिले. आणि हे सगळे करताना राग शिकणे, उतरवून घेणे, समजून घेणे अखंड चालू होते.

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी. प्रागचे लेखक विली हास नाझींमुळे संकटात सापडले, तेव्हा कॉफमन यांनी खटपट करून १९३९ साली त्यांना मुंबईला आणवले. त्याच भवनानींकडे त्यांना पटकथा लिहिण्याचे काम मिळाले. आधी आलेल्याने मागून येणाऱ्यासाठी दार उघडायचे, ही रीत आपल्यालाही ठाऊक आहे. मी बिलासपूरला रुजू झालो तेव्हा पहिले पंधरा दिवस मी याच मंडळातल्या एका काकांच्या घरी जेवलो.

कॉफमन एकटे नव्हते. त्या काळची मुंबईच अशी होती. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हे कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला जॅझ बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात वाजवायला आले. त्यांच्यामागून आलेले पियानोवादक टेडी वेदरफोर्ड मुंबईत आणि कलकत्त्यात गाजले आणि १९४५ साली कलकत्त्यातच पटकीने वारले. मायदेशी वर्णभेदाचा जाच सोसलेल्या या माणसांना इथे मोठ्या हॉटेलांच्या मंचावर मान मिळाला. अर्थात आपलाही देश तेव्हा गुलामीत होता आणि त्या हॉटेलांत सामान्य हिंदी माणसाला कोण विचारत होते, हेही खरेच.

यांच्या शेजारी बसून शिकले ते आपले गोवेकर. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता, म्हणजे कागदोपत्री तेही परदेशातूनच आलेले! गावच्या चर्चच्या शाळेत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकायचे, मुंबईला यायचे, धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या 'कुडा'त पथारी टाकायची आणि काम शोधायचे. आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे ट्रम्पेटवादक त्यांतलेच. त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे आपले सी. रामचंद्र यांना त्यांची साथ मिळाली आणि 'अलबेला'च्या (१९५१) गाण्यांना तो ठेका आला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले. १९५८ साली त्यांनी भारतीय रागांवर रचना करून त्या मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. 'अमर अकबर अँथनी'मधल्या (१९७७) गाण्यात जे नाव येते, ते शिष्याने गुरूला केलेले वंदन आहे. पण असे भाग्य किती जणांना मिळाले? चित्रपटाच्या श्रेयनामावलीत बहुतेक गोवेकर वादकांची नावेच नसत. त्यांचे सूर घराघरांत गेले आणि नावे स्टुडिओच्या दारातच राहिली.

कॉफमन यांनी १९४६ साली भारत सोडला. इंग्लंड, मग कॅनडा. विनिपेगच्या सिंफनी वाद्यवृंदाचे ते १९४८ पासून दहा हंगाम संचालक होते. १९५७ पासून अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. उत्तर भारतातील रागांवर त्यांचा मोठा ग्रंथ १९६८ साली निघाला, दक्षिणेतल्या रागांवरचा १९७६ साली. १९८४ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्वतःच्या रचना मात्र पुष्कळ वर्षे कोणी वाजवल्या नाहीत. टोरांटोच्या एआरसी एन्सेंबल या वादकांनी २०२० साली त्यांची तबकडी काढली, तेव्हा कुठे जगाला त्यांची पुन्हा ओळख झाली.

आता माझे कारण.

गेल्या वर्षी उत्सवाच्या बैठकीत एक सूचना आली. आमच्या सेक्शनमधला एक हेल्पर गोंड समाजाचा, पेंड्रा रोडच्या पलीकडच्या एका गावचा. त्याने निरोप दिला की आमच्या गावची मंडळी गणपतीपुढे करमा गातील, नाचतील, मानधन नको. भाद्रपद शुद्ध एकादशीला त्यांचा करमा सण असतो, म्हणजे तो आपल्या गणपतीच्या दिवसांतच येतो. विरोध मी केला. 'आपल्या लोकांना ते कळणार नाही, सगळे एकसारखेच वाटते,' हे माझे शब्द. शेवटी आरतीपूर्वी वीस मिनिटे द्यायचे ठरले.

ती मंडळी रात्रभराचा प्रवास करून आली. वीस मिनिटे झाली, गाणे मध्यावर होते, तरी घड्याळ पाहून मी माइक बंद केला. मांदर वाजवणाऱ्याने एकदा स्पीकरकडे पाहिले आणि तसाच वाजवत राहिला. गाणे पूर्ण करून सगळे गणपतीपुढे वाकले आणि शांतपणे निघून गेले. दुसऱ्या दिवशी हेल्पर ड्युटीवर आला, नेहमीसारखा 'नमस्ते साहब' म्हणाला. त्या विषयावर तो एक अक्षर बोलला नाही. तो बोलला असता तर बरे झाले असते.

पुढे हिवाळ्यात त्या पहाटेच्या धुनेची चौकशी करता करता कॉफमन यांच्या लेखनाची यादी माझ्या हाती लागली. त्यात १९४१ सालचा एक लेख आहे, गोंड आणि बैगा लोकांच्या गाण्यांवर. पुढे १९६० साली बस्तरच्या माडिया आणि मुरिया गोंडांच्या गाण्यांवरही त्यांनी लिहिले. मी बराच वेळ तो कागद हातात धरून बसलो होतो. प्रागहून आलेल्या माणसाने जे गाणे कान देऊन ऐकले, स्वरलिपीत उतरवले, ते गाणे माझ्या मंडपात आले आणि मी त्याचे बटण बंद केले! मी तर या मुलखात वीस वर्षे पगार घेतो आहे. बिलासपूर-कटनी मार्गावरच्या खोडरी, पेंड्रा रोड भागात मी रात्री काढल्या आहेत, लांबून मांदर ऐकलेला आहे आणि 'चालू झाले यांचे' म्हणून कुशीवर वळलेलो आहे.

हेल्परची मी माफी मागितली. तो संकोचला. मग म्हणाला, ''साहब, वो बैठ के सुनने का नहीं है. पाँव से सुनने का है.'' मार्चमध्ये मी सौ.ना घेऊन त्याच्या गावी गेलो. अंगणात बायापुरुषांच्या ओळी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी आम्हालाही ओळीत घेतले. पहिला तासभर माझे पाऊल चुकतच होते. मग केव्हातरी ते बरोबर पडले आणि जे मला एकसारखे वाटत होते त्यात मांदराचा घाव दर वेळी कुठे सरकतो ते कळले. सगळे कळले असे म्हणत नाही. रिसीव्हर थोडा दुरुस्त झाला, एवढेच.

या वर्षी समितीने एकादशीची पूर्ण संध्याकाळ करम्यासाठी ठेवली आहे. सूचना माझी होती, आणि अध्यक्षसाहेबांनी मागचे काही न उकरता ती मान्य केली, याबद्दल त्यांचे आभार. आपला गणराय चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती. त्याच्यापुढे कोणती कला आपली आणि कोणती परकी?

कार्यक्रम सायंकाळी सात वाजता सुरू होईल. सर्वांनी सहकुटुंब यावे, शक्यतो खुर्च्या सोडून पुढे यावे. माइक माझ्याच हाती असेल आणि गाणे संपेपर्यंत तो चालू राहील.

गणपती बाप्पा मोरया!