तौहीद आणि 'मिहना'

इस्लामच्या श्रद्धाविचाराचा गाभा तौहीद, म्हणजे ईश्वराचे निरपवाद एकत्व, हा होय. कुराण हे ईश्वरवचन आहे, याविषयीही मुसलमान पंडितांत दुमत नव्हते. परंतु ते वचन अनादी की निर्मित, हा प्रश्न उपस्थित होताच या दोन श्रद्धांचा परस्परसंबंध वादाचा विषय ठरला. मुअतझिला पंथीयांचा युक्तिवाद असा की, कुराण अनादी मानल्यास ईश्वरासमवेत दुसरे अनादी तत्त्व मानावे लागते व तौहीदास बाध येतो. उलट, हदीसनिष्ठ पंडितांच्या मते वाणी हा ईश्वराचाच गुण होय. ती निर्मित म्हणणे म्हणजे तिला सृष्ट वस्तूंच्या पंक्तीस बसविणे.

इ. स. ८३३ मध्ये अब्बासी खलीफा अल्-मामून याने बगदादच्या अधिकाऱ्यास आज्ञापत्र धाडून काझी व पंडित यांची या प्रश्नावर तपासणी आरंभिली. हीच 'मिहना' होय. बहुतेकांनी दबावाखाली संमती दिली. अहमद इब्न हंबल मात्र कुराण व पैगंबरपरंपरा यांतील आधार मागत राहिले. अल्-मुअतसिमच्या कारकीर्दीत त्यांना फटके सोसावे लागले. पुढे अल्-मुतवक्किल (८४७-८६१) याने ही तपासणी बंद केली.

या प्रकरणास केवळ बुद्धिवाद विरुद्ध परंपरा असे स्वरूप देणे अपुरे आहे. कारण येथे बुद्धिवादाचा पक्ष राजदंडाच्या आश्रयाने लढला. श्रद्धेचा अर्थ सांगण्याचा अधिकार कोणाचा, हा खरा प्रश्न होता. मिहना निष्फळ ठरल्यावर सुन्नी समाजात तो अधिकार खलीफाकडे न राहता उलेमांकडे स्थिरावला.